जाँ कास्तेक्स यांना सनदी अधिकारी म्हणावे की राजकारणी?

नौपाड्याचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. ठाण्यात आम्ही सात-आठ जण लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी करत आहोत आणि रविवारी सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारून झाल्या की तिथल्याच बाकांवर बसून तासभर एखाद्या विषयावर चर्चा करतो. येत्या रविवारचा विषय सनदी सेवेची तटस्थता हा आहे. परदेशातले एक उदाहरण मांडण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी फ्रान्सचे माजी पंतप्रधान जाँ कास्तेक्स यांची कारकीर्द निवडली. निवडताना ती सरळ वाटली होती. टिपण काढायला बसलो तेव्हा तिचे टोकच सापडेना.

मला समजलेला भाग असा. कास्तेक्स यांचा जन्म १९६५ चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या जेर्स या शेतीप्रधान जिल्ह्यातला. 'एना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयातून १९९१ मध्ये बाहेर पडून ते लेखा न्यायालयात रुजू झाले. पुढे प्रीफेक्टचे कार्यालय, आरोग्य मंत्रालयातले संचालकपद, मग मंत्र्यांच्या कार्यालयाचे प्रमुखपद. २००८ पासून ते प्राद नावाच्या लहानशा गावाचे महापौर होते आणि त्याच काळात राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या कार्यालयाचे उपमहासचिवही होते. त्यानंतर ऑलिंपिकच्या तयारीसाठीचे सरकारी प्रतिनिधी, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी उठवण्याच्या आराखड्याचे समन्वयक आणि ३ जुलै २०२० रोजी थेट पंतप्रधान. मे २०२२ मध्ये ते पायउतार झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसची मेट्रो आणि बस चालवणाऱ्या सार्वजनिक कंपनीचे प्रमुख झाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते फ्रेंच रेल्वेचे प्रमुख आहेत.

माझी अडचण अशी की आपल्याकडचे नियम डोक्यात ठेवून ही यादी वाचली तर ती अशक्य वाटते. आपल्या वर्तणूक नियमांनुसार सेवेतल्या अधिकाऱ्याला पक्षाचे सदस्यही होता येत नाही. निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती, आणि एकदा बाहेर पडले की सहसा परत येणे नाही. कास्तेक्स मात्र उजव्या पक्षाचे सदस्य होते, त्या विचाराचे म्हणून निवडूनही येत होते आणि तरीही एकामागून एक प्रशासकीय पदे भूषवत होते. ते नेमके कुठल्या टप्प्यावर अधिकारी राहिले नाहीत? की हा प्रश्नच आपल्या चौकटीतला आहे आणि फ्रेंच माणसाला तो पडतच नाही? शिवाय संसदेच्या एकाही सभागृहाचा कधीही सदस्य नसलेला माणूस पंतप्रधान कसा होतो, हेही माझ्या गटातले मित्र विचारणारच आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


बेलापूरचा निवृत्त

तुमच्या यादीत चूक नाही, पण ती पदांची यादी आहे आणि पदांच्या यादीतून अधिकारी कळत नाही. मी महसूल खात्यात चौतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची काही कोकण भवनात, त्यामुळे कुणाचीही कारकीर्द मी तो कुठल्या खुर्चीवर कुठली फाइल हाताळत होता, याच अंगाने वाचतो. तशी वाचली तर तुमचा प्रश्न बराचसा सुटतो.

सुरुवात लेखा न्यायालयापासून करू. एनामध्ये प्रशिक्षण संपताना जो गुणानुक्रम लागे त्यावरच कुठली सेवा मिळणार हे ठरत असे, आणि वरच्या क्रमांकाची मुले साधारणपणे तीन ठिकाणी जात: वित्त निरीक्षणालय, राज्य परिषद आणि लेखा न्यायालय. यातले लेखा न्यायालय नेपोलियनने १८०७ मध्ये स्थापन केले. आपल्या महालेखापरीक्षकांचे काम ते करते, परंतु त्याला न्यायालयाचा दर्जा आहे आणि तिथल्या सदस्यांना सरकार मर्जीनुसार हलवू शकत नाही. म्हणजे पंचविशीत ज्याला ही जागा मिळाली त्याला आयुष्यभरासाठी एक कायमचा पत्ता मिळाला. तो मंत्रालयात जाऊ शकतो, जिल्ह्यात जाऊ शकतो, मंत्र्याकडे जाऊ शकतो, आणि काही बिनसले तर मूळ जागी परत येऊ शकतो. कास्तेक्स यांच्या पुढच्या सगळ्या हालचालींमागे हा पत्ता आहे.

१९९९ ते २००१ या काळात ते व्होक्ल्यूझ जिल्ह्याच्या प्रीफेक्ट कार्यालयाचे महासचिव होते. त्या जिल्ह्याचे मुख्यालय आव्हिन्याँ. हे पद आपल्या निवासी उपजिल्हाधिकारी आणि अपर जिल्हाधिकारी या दोन्ही पदांच्या मधले समजा. प्रीफेक्ट जागेवर नसताना जिल्हा तोच चालवतो. प्रीफेक्ट हा केंद्र सरकारचा जिल्ह्यातला प्रतिनिधी असतो. तिथल्या पुराची, संपाची, निवडणूक यंत्रणेची पहिली झळ त्याच्या कार्यालयाला लागते. त्यानंतर २००१ ते २००५ या काळात कास्तेक्स आल्सास प्रांताच्या प्रादेशिक लेखा मंडळाचे अध्यक्ष होते. ही मंडळे १९८२ च्या विकेंद्रीकरण कायद्यातून आली आणि नगरपालिकांचे हिशेब तपासणे हे त्यांचे मुख्य काम. पुढे स्वतः महापौर झालेल्या माणसाने त्याआधी चार वर्षे इतरांच्या नगरपालिकांचे हिशेब तपासले होते, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत बोलकी वाटते. आपल्याकडे लेखा आक्षेप घेणारा आणि त्याला उत्तर देणारा यांची आयुष्यात कधी अदलाबदल होत नाही. झाली तर दोघांचीही टिपणे सुधारतील.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझ्या मते कास्तेक्स अधिकारी राहिले नाहीत तो क्षण २००८ ची निवडणूक नाही आणि २०२० चे पंतप्रधानपद तर नाहीच. तो २००६ मध्ये येतो. २००५ मध्ये ते आरोग्य मंत्रालयात रुग्णालय विभागाचे संचालक झाले. हे खात्याचे पद आहे. दुसऱ्या वर्षी आरोग्यमंत्री झाव्हिए बेर्त्राँ यांनी त्यांना आपल्या 'काबिने'चे प्रमुख केले आणि २००७ मध्ये बेर्त्राँ कामगार मंत्रालयात गेले तेव्हा कास्तेक्सही त्यांच्यासोबत गेले. काबिने म्हणजे मंत्र्याने स्वतः निवडलेल्या सल्लागारांचे कार्यालय. आपल्याकडे मंत्र्यांचे खासगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी असतात, पण फ्रान्समध्ये काबिनेचा प्रमुख हा मंत्र्याच्या नावाने खात्याच्या संचालकांना आदेश देतो. मंत्री गेला की हे पदही जाते. म्हणजे पद पूर्णपणे राजकीय, पण त्यावर बसणारा बहुतेक वेळा अधिकारी, आणि त्याची मूळ जागा शाबूत. फ्रेंच व्यवस्थेत अधिकारी आणि राजकारणी यांच्यामधला दरवाजा हाच आहे आणि तो कायद्यानेच उघडा ठेवलेला आहे. ज्या दिवशी कास्तेक्स खाते बदलताना एका मंत्र्यामागे गेले, त्या दिवशी त्यांनी बाजू निवडली.

आपण तटस्थता म्हणजे पक्षाचे सदस्यत्व नसणे, असे मानतो. मंत्रालयात काम केलेला कुणीही सांगेल की कुठला खासगी सचिव कुठल्या मंत्र्याचा 'माणूस' आहे हे सहाव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, फक्त ते कागदावर नसते. फ्रेंचांनी ते कागदावर आणले. चांगले केले की वाईट, हे तुम्ही रविवारी ठरवा.


वाशीची फ्रेंच शिक्षिका

काकांचे विवेचन उत्तम आहे. पण २००६ चा मुद्दा मला पटत नाही. मंत्र्यामागे जाणे ही निष्ठा झाली, राजकारण नव्हे. लोकांपुढे मते मागायला उभे राहणे हा वेगळा अनुभव आहे आणि तो कास्तेक्स यांना प्रादमध्ये मिळाला.

प्राद हे पूर्व पिरेनीज जिल्ह्यातले, कानिगू पर्वताच्या पायथ्याचे जेमतेम सहा हजार वस्तीचे गाव आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. कॅटलन चेलोवादक पाब्लो कासाल्स हे फ्रँकोच्या राजवटीमुळे स्पेन सोडून इथे येऊन राहिले आणि १९५० मध्ये त्यांनी सुरू केलेला संगीत महोत्सव आजही तिथे भरतो. कास्तेक्स मूळचे या भागातले नाहीत, जेर्स तिथून दूर आहे. परंतु ते कॅटलन बोलतात. आजोबा सेनेटर आणि महापौर होते, त्यामुळे गावपातळीवरचे राजकारण घरात होते. मार्च २००८ मध्ये त्यांनी डाव्यांकडून हे महापौरपद घेतले, २०१४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १५ मार्च २०२० रोजी सुमारे तीन चतुर्थांश मते घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. लक्षात घ्या, दोनच दिवसांनी फ्रान्समध्ये टाळेबंदी लागली. जुलैमध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी महापौरपद सोडले. तोपर्यंत बारा वर्षे त्यांनी दिल्लीसारखे पॅरिसमध्ये काम आणि वाडीसारखे प्रादमध्ये घर, असा संसार केला.

'महापौर' हा शब्द मात्र जपून वापरा, कारण ठाणे किंवा नवी मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते इथे लागू नाही. आपल्या महानगरपालिकांत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, म्हणजे सनदी अधिकाऱ्याकडे, आणि महापौर सभागृह चालवतात. फ्रान्समध्ये आयुक्त नाहीच. नगर परिषदेने निवडलेला महापौर हाच प्रशासनाचा प्रमुख असतो. बांधकाम परवाना त्याच्या सहीने निघतो, कर्मचारी त्याच्या हाताखाली असतात, आणि लग्नेही तोच लावतो. त्यामुळे फ्रेंच अधिकाऱ्याला महापौर होणे म्हणजे आपले काम सोडून दुसरीकडे जाणे असे वाटत नाही. तेच काम, फक्त वरून आदेश येण्याऐवजी खालून मत येते. तुमच्या प्रश्नातली अर्धी विसंगती या एका फरकाने विरघळते.

सार्कोझी यांच्या काळाबद्दल एक गंमत. कास्तेक्स २०१० च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात सामाजिक विषयांचे सल्लागार म्हणून गेले आणि २०११ मध्ये उपमहासचिव झाले. मे २०१२ मध्ये सार्कोझी हरले, ओलांद आले आणि कास्तेक्स बाहेर पडले. त्यांच्या पदावर ओलांद यांनी जे दोन उपमहासचिव आणले त्यांपैकी एक होते इमान्युएल मॅक्रॉन. आठ वर्षांनी त्याच मॅक्रॉन यांनी कास्तेक्स यांना पंतप्रधान केले; आणि दुसरे उपमहासचिव निकोला रव्हेल हे पंतप्रधान कास्तेक्स यांच्या काबिनेचे प्रमुख झाले. एक उजवा, एक डावा, एक दोन्ही किंवा दोन्ही नाही असे म्हणणारा, आणि तिघे एकाच विद्यालयातले. याला तटस्थता म्हणायचे की भाऊबंदकी, हे ज्याने त्याने ठरवावे.

संसद सदस्यत्वाबद्दल तुमच्या मित्रांना सांगा की फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेत पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि मंत्री झालेल्या खासदाराला उलट आपली जागाच सोडावी लागते. जॉर्ज पाँपिदू १९६२ मध्ये, रेमाँ बार १९७६ मध्ये आणि दोमिनिक द व्हिलपँ २००५ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही खासदार नव्हते. कास्तेक्स या रांगेतले, फरक इतकाच की त्यांच्या नावावर निदान गावच्या निवडणुका होत्या.

आणि हो, त्यांच्या उच्चाराची पॅरिसच्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात बरीच चर्चा केली. नैर्ऋत्येकडचा ठसका त्यांच्या बोलण्यात आहे, शब्दाच्या शेवटी गिळायचे स्वर ते गिळत नाहीत. मालवणी हेल असलेला माणूस मुख्यमंत्री झाल्यावर पुण्यात जे बोलले गेले असते तेच तिकडे बोलले गेले. मी वर्गात त्यांच्या भाषणांचे तुकडे मुद्दाम ऐकवते, कारण मुलांना ते सहज समजतात.


कळव्याचा हिशेबनीस

मी रुग्णालयांच्या बिलांचे काम करतो, म्हणून फक्त त्या एका भागावर लिहितो. वरच्या दोन्ही उत्तरांत तो भाग एका ओळीत गेला आहे आणि माझ्या मते कास्तेक्स यांच्या कामाचा लोकांवर सर्वाधिक परिणाम तिथेच झाला.

फ्रान्समधल्या सरकारी रुग्णालयांना १९८० च्या दशकापासून वर्षाला एक ठोक रक्कम मिळत असे. रुग्ण किती आले, कोणत्या आजाराचे आले, याचा त्या रकमेशी फारसा संबंध नव्हता; मागच्या वर्षी जेवढी मिळाली तिच्यावर थोडी वाढ. २००४ पासून ही पद्धत बदलून प्रत्येक उपचाराला दर ठरवण्यात आले. सारख्या प्रकारच्या रुग्णांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला दर लावायचा, आणि रुग्णालयाने जितके रुग्ण त्या गटात दाखवले तितके पैसे द्यायचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पॅकेजचे दर पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. कास्तेक्स २००५ मध्ये संचालक झाले तेव्हा ही पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होत होती आणि ती पुढे नेण्याची जबाबदारी त्यांच्या विभागावर होती.

दराची पद्धत आली की काय होते हे मी रोज पाहतो. ज्या उपचाराला दर चांगला आहे तो वाढतो, ज्या रुग्णाला नुसते पडून राहण्याची आणि कुणीतरी जवळ बसण्याची गरज आहे त्याचा खाटेवरचा प्रत्येक दिवस तोट्याचा ठरतो. नोंद कशी करायची हे एक स्वतंत्र शास्त्र बनते. फ्रान्समधल्या परिचारिका आणि डॉक्टर नेमके याच कारणांसाठी पुढे वर्षानुवर्षे आंदोलने करत राहिले, आणि २०१९ मध्ये तातडीच्या विभागांतल्या कर्मचाऱ्यांचा संप देशभर पसरला होता. उलट बाजूही सांगायला हवी: जुन्या पद्धतीत जे रुग्णालय अधिक काम करत होते त्याला शिक्षाच होत होती आणि कोणत्या उपचाराला किती खर्च येतो हे कुणालाच सांगता येत नव्हते. लेखा न्यायालयातून आलेल्या माणसाला दुसरी बाजू अधिक स्पष्ट दिसली असणार.

आता योगायोग पाहा. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीचा करार झाला. त्यावर १३ जुलै २०२० रोजी, म्हणजे पंतप्रधान झाल्यावर दहा दिवसांत, कास्तेक्स यांनी सही केली. वर्षाला ८ अब्ज युरोंहून अधिक खर्च, आणि डॉक्टर वगळता इतर कर्मचाऱ्यांना महिन्याला १८३ युरो हातात जास्त. वाटाघाटी त्यांच्या आधीच्या सरकारने सुरू केल्या होत्या, हे खरे. पण ज्या संचालकाच्या काळात दर लागू झाले त्याच माणसाला पंधरा वर्षांनी त्या दरांखाली दबलेल्या लोकांचा पगार वाढवावा लागला. बेलापूरच्या काकांना मला हे विचारायचे आहे: अधिकारी बदलून जातो तेव्हा त्याच्या निर्णयाचा हिशेब कुणी मागत नाही; राजकारणी झाल्यावर निदान तो कधीतरी समोर येतो. मग हा उघडा दरवाजा वाईट कसा?


नौपाड्याचा वाचक

तिघांचेही आभार. रविवारसाठी आता माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त मजकूर आहे, तरी एक शंका राहते.

आमच्या गटातले काही जण तलावपाळीजवळच्या अभ्यासिकेत बसतात, तर काही जण महानगरपालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत शिकलेले आहेत. काल विषय निघाला तेव्हा त्यांच्यापैकी एकीने सहज विचारले की चिंतामणराव स्वतः कास्तेक्ससारखेच नव्हते का? महाडजवळच्या नाते गावचे, आयसीएस, १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ ला कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा. म्हणजे आपल्याकडेही हा रस्ता होता की. मग फरक नेमका कुठे करायचा?

शिवाय फ्रान्समध्ये यावर कुणी आक्षेपच घेतला नाही, असे कसे?


बेलापूरचा निवृत्त

चिंतामणरावांचे नाव काढणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. फरक परतीच्या वाटेत आहे. चिंतामणराव मंत्री झाले तेव्हा त्यांची सनदी कारकीर्द मागे पडलेली होती, आणि राजीनामा देताना त्यांना परत जायला कुठलीही राखीव खुर्ची नव्हती. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पण ती नवी नेमणूक होती, हक्काची जागा नव्हे. १९५६ च्या राजीनाम्याला जे वजन आले त्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते. ज्याची जागा राखून ठेवलेली आहे त्याचा राजीनामा तितका जड पडत नाही.

फ्रान्समध्ये आक्षेप घेतले गेले आणि कायदाही बदलला. पूर्वी खासदार झालेल्या अधिकाऱ्याला प्रतिनियुक्तीवर गेल्यासारखे धरत. म्हणजे तो संसदेत बसलेला असताना मूळ सेवेत त्याची ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतनाचा हक्क दोन्ही वाढत राहात. २०१३ मध्ये एका मंत्र्याच्या परदेशी बँक खात्याचे प्रकरण गाजले आणि त्यानंतर सार्वजनिक जीवनातल्या पारदर्शकतेचे कायदे आले, त्यात ही सोय बंद झाली. आता खासदार होणारा अधिकारी बिनपगारी रजेवर गेल्यासारखा असतो: परत येण्याचा हक्क आहे, मधल्या वर्षांचा लाभ नाही. त्याच कायद्यांतून आलेले पारदर्शकता प्राधिकरण माजी मंत्र्यांच्या नव्या नेमणुकांची तपासणी करते. कास्तेक्स २०२२ मध्ये पॅरिसच्या वाहतूक कंपनीकडे गेले तेव्हा त्यांना त्याची परवानगी घ्यावी लागली आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे उभे राहावे लागले. या समित्यांत मिळून तीन पंचमांश मते विरोधात गेली तर राष्ट्राध्यक्षांना नेमणूक करता येत नाही. आपल्या महामंडळांच्या अध्यक्षांना विधानमंडळाच्या समितीने असे आधी बोलावल्याचे मला तरी आठवत नाही.

ब्र्युनो ल मेर यांचे उदाहरण कास्तेक्स यांच्या शेजारी अवश्य ठेवा. तेही उजव्या पक्षाचे, तेही एनाचे, परराष्ट्र सेवेतले. त्यांनी २०१२ मध्ये सेवेचा रीतसर राजीनामा दिला. जो राजकारण करतो त्याने सरकारी नोकरीचे जाळे खाली बांधून ठेवू नये, अशी त्यांची उघड भूमिका होती. पुढे ते सात वर्षे अर्थमंत्री होते. म्हणजे सोडण्याची सक्ती नसताना सोडणारेही आहेत.

कळव्याच्या हिशेबनीसांचा मुद्दा मी मान्य करतो, अर्धाच. दरांची जबाबदारी कास्तेक्स यांच्यापर्यंत परत आली ती ते पंतप्रधान झाले म्हणून. त्यांच्या जागी पूर्वी किंवा नंतर जे संचालक होते त्यांना आज कोण विचारतो? एका माणसाच्या बाबतीत हिशेब जुळला म्हणून ती व्यवस्था ठरत नाही. वाशीच्या ताईंनाही सांगतो की प्रादच्या मतदारांनी महापौर निवडला होता. टाळेबंदी कशी उठवावी, कुठले जिल्हे तांबडे आणि कुठले हिरवे, संचारबंदी किती वाजता, हे ठरवण्याचा कौल त्यांनी दिला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी कास्तेक्स यांना निवडले ते आरोग्य खाते, कामगार खाते आणि जिल्हा प्रशासन या तिन्हींत काम केलेला अधिकारी म्हणून. ११ मे रोजी निर्बंध उठू लागले आणि दोन महिन्यांच्या आत तो अधिकारी फिलिप यांच्याच खुर्चीत बसला. टिपण लिहिणाऱ्याने टिपणावर सही करणाऱ्याची जागा घेतली, इतके साधे आहे ते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवतो. एना बंद करण्याचा निर्णय मॅक्रॉन यांनी एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तिच्या जागी नवी राष्ट्रीय लोकसेवा संस्था आली. प्रीफेक्टांचा स्वतंत्र संवर्गही त्याच सुधारणेत मोडीत निघाला. हे सारे अंमलात आणणारे सरकार कास्तेक्स यांचे. ज्या शिडीने वर आले ती त्यांनी स्वतःच्या सहीने काढली. नाराजीने की आनंदाने, ते त्यांचे त्यांना ठाऊक. अधिकाऱ्याला अशा वेळी फाइल पुढे पाठवावी लागते.


ऐरोलीचा प्रवासी

मूळ प्रश्नाशी थोडा लांबून संबंध असलेली गोष्ट सांगतो, पण कारकीर्दीचा शेवटचा टप्पा कुणी हाताळला नाही, म्हणून लिहितो. ठाणे-वाशी गाडीत रोज उभा राहणाऱ्या माणसाला रेल्वेचा प्रमुख कोण, यात रस असतोच.

कास्तेक्स यांना रेल्वेचे वेड आहे आणि ते पदामुळे आलेले नाही. पेर्पिन्याँपासून प्रादवरून डोंगरात जाणाऱ्या मार्गावर त्यांनी एक आख्खे पुस्तक लिहिले आहे. पंतप्रधान असताना २० मे २०२१ रोजी पॅरिस ते नीस ही बंद पडलेली रात्रीची गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा ते स्वतः त्या गाडीने गेले. त्याच वर्षी पेर्पिन्याँहून रँजिसच्या घाऊक बाजारात फळे-भाज्या नेणारी मालगाडीही पुन्हा रुळावर आली. रँजिस म्हणजे पॅरिसची वाशी समजा: शहराच्या मध्यातला जुना बाजार १९६९ मध्ये तिथे हलवला, जसा मुंबईचा घाऊक बाजार आपल्याकडे खाडीपलीकडे आला. ट्रकच्या रांगेत अडकलेल्या वाशीच्या बाजारासमोर उभा राहून मी ती बातमी वाचली होती, त्यामुळे लक्षात राहिली.

२०२२ मध्ये ते पॅरिसच्या वाहतूक कंपनीत गेले तेव्हा चालकांची टंचाई होती, बस आणि मेट्रोच्या फेऱ्या रद्द होत होत्या, आणि दोन वर्षांवर ऑलिंपिक. म्हणजे २०१७ मध्ये सरकारतर्फे ज्या स्पर्धेची तयारी त्यांनी सुरू केली होती, तिच्या प्रेक्षकांना ने-आण करण्याचे काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडले. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका ऑर्ली विमानतळापर्यंत वाढवून सुरू झाली आणि स्पर्धेच्या काळात वाहतूक कोलमडली नाही. सुटणारी गाडी सुटली की नाही, याचे उत्तर पक्ष पाहून देता येत नाही. माजी पंतप्रधानाने अशा नोकरीत जावे, हे मला त्यांच्या इतर सगळ्या पदांपेक्षा जास्त आवडले. आपल्याकडे माजी मुख्यमंत्री परिवहन उपक्रमाचा व्यवस्थापक झाला, अशी कल्पना करून पाहा.


नौपाड्याचा वाचक

टिपणाचे शीर्षक बदलले. आधी 'अधिकारी की राजकारणी' असे होते, आता 'राखीव खुर्ची: कास्तेक्स, ल मेर आणि चिंतामणराव' असे केले आहे. काबिनेच्या मुद्द्यावर काकांच्या बाजूने आणि महापौराच्या अधिकारांवर ताईंच्या बाजूने बोलणार आहे. रुग्णालयांच्या दरांचा भाग आमच्यातल्या वैद्यकीय पदवीधर मित्राकडे सोपवला आहे, तो पॅकेजवरून भांडायला उत्सुकच आहे.


वाशीची फ्रेंच शिक्षिका

शीर्षक छान. एकच दुरुस्ती, नाहीतर रविवारी कुणीतरी अडवेल. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजने बहुधा उच्चारत नाहीत, म्हणून गावाचे नाव 'प्राद' असेच म्हणा, शेवटी 'स' लावू नका. कॅटलनमध्ये त्याच गावाला 'प्राडा' म्हणतात. आडनावात मात्र शेवटचा 'क्स' पूर्ण ऐकू येतो. 'कास्ते' म्हणालात तर ते ओळखू येणार नाहीत.